तीनशे दोनचा डबा

कौशल्याबाई इंगोल्यांचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. गजर लावत नसत. गजर लावला की मुलगी उठते, आणि मुलीला कॉलेज असतं.

चारला अंघोळ, साडेचारला घराबाहेर, पाचला धायरी फाट्याजवळच्या पोळी-भाजी केंद्रात. तिथे त्या साडेआठपर्यंत पोळ्या लाटत. नगावर मजुरी. कणीक स्वतः मळायच्या, एका वेळी चार किलो, मुठीने. बोटांनी मळणारी बाई दोन वर्षांत बोटं घालवते, असं त्या म्हणत. दिवसाला तीनशे पोळ्या. मी एकदा शेजारी उभं राहून घड्याळ लावलं होतं. एक पोळी, लाटून आणि भाजून, बावीस सेकंद. शेवटच्या पोळीलाही बावीसच. मी एकतीस वर्षं फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये फिटर होतो. पहिल्या तासाला सगळेच चांगलं काम करतात. शेवटच्या तासाला माणूस कळतो.

केंद्रातून घरी आल्यावर त्यांचे स्वतःचे डबे. नऊ गिऱ्हाइकं, फक्त दुपारचं जेवण. दहाच्या सुमारास नवरा रंगराव यायचे. ते वाघोलीला एका गोदामावर रात्रपाळीचे रखवालदार. दोन बस बदलून यायचे, चहा प्यायचे आणि शेगडीपासून चार हातांवर चादर डोक्यावरून घेऊन झोपायचे. घर दोन खोल्यांचं. फोडणीचा खाट उठला तरी तो माणूस कधी खोकला नाही.

ही मंडळी वाशीम जिल्ह्यातली. पुण्यात येऊन चौदा वर्षं झाली. मुलगी नम्रता इथलीच बोली बोलते, आईच्या जिभेवर मात्र गाव राहिलं. मी त्यांच्या मागच्या गल्लीत राहतो, धायरीचाच. निवृत्त झाल्यावर बसून अंग दुखायला लागलं म्हणून त्यांचे डबे सायकलवरून पोचवायला घेतले.

पोचवायची पद्धत ठरलेली. दाराबाहेरच्या हुकाला आजचा भरलेला डबा पिशवीसकट अडकवायचा आणि कालचा रिकामा तिथेच लटकलेला असतो, तो घ्यायचा. बेल वाजवायची नाही. बहुतेक जण ऑनलाइन कामात असतात, त्यांना बेल चालत नाही. महिनोन्महिने मी कित्येक गिऱ्हाइकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. कौशल्याबाईंनीही नाही. त्या माणसांना परत आलेल्या डब्यावरून ओळखत. कोण वरणाला हात लावत नाही, कोण लोणच्याची फोड चोखून ठेवतो, कोण डबा धुतो.

मंदार सोसायटीतल्या तीनशे दोनमधले श्रीनिवास जोगळेकर डबा धुऊन ठेवत. वय एकोणऐंशी. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात सगळी नोकरी सरली. बायको वारलेली, मुलगी नाशिकला. पेपर बंद केला होता, त्यात चुका फार असतात म्हणून. आणि ते डब्यातून चिठ्ठ्या पाठवत. टाचणीसारखं बारीक, सरळ अक्षर.

“भेंडी कोवळी असते असे ऐकून आहे.”

“दोन्ही भाज्यांत मिळून एकीचेच मीठ होते.”

“अन्न टाकणे मला मान्य नाही, म्हणून संपवले. आवडले असा अर्थ घेऊ नये.”

नम्रता मोठ्याने वाचायची आणि हसून लोळायची. कौशल्याबाई डबा विसळता विसळता म्हणायच्या, “लिहू दे बाप्पा. खाते ना पूर्ण? मंग झालं.” दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर पडायचं.

जून महिन्यात एका सोमवारी केंद्रात लग्नाची ऑर्डर आली. तीनशेच्या जागी सातशे पोळ्या. कौशल्याबाईंना त्या दिवशी ताप होता. तरी त्यांनी सातशे केल्या आणि वर आपले नऊ डबेही केले. मंगळवारी जोगळेकरांच्या डब्यात चिठ्ठी आली.

“पोळीचा आकार: कोकण किनारपट्टी. प्रमाण दिलेले नाही.”

नम्रता हसायला लागली आणि आईकडे पाहून थांबली. कौशल्याबाईंच्या उजव्या मनगटाला हळदीचा लेप होता.

“लिही,” त्या म्हणाल्या.

“काय लिहू?”

“लिही, पोळ्या खाच्या असतात, मोजाच्या नसतात. चिठ्ठी लिहाची असन तर डबा दुसरीकडून घ्या.”

“आई, जाऊ दे ना. ते काका असेच आहेत. चिल.”

“लिही म्हटलं.”

नम्रताने पुस्तकी भाषेत नीट करून लिहिलं. मीच तो डबा नेला.

त्यानंतर चिठ्ठ्या बंद झाल्या. डबा रोज धुतलेला, रिकामा, कोरडा. आठवडाभर कागदाचा कपटाही नाही. कौशल्याबाई झाकण उघडून आत बघायच्या आणि डबा पालथा घालायच्या.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी मी गेलो तेव्हा हुकाला रिकामा डबा नव्हता. विसरले असतील असं धरून मी भरलेला अडकवला आणि आलो. कौशल्याबाईंकडे दर गिऱ्हाइकाचे तीन डबे असायचे, त्यामुळे अडलं नाही.

शुक्रवारी गुरुवारचा डबा तसाच हुकाला. रस्त्यापलीकडे बांधकामावर काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालू होता. पिशवी उचलली तेव्हाच वजन कळलं. मी शुक्रवारचा त्या जागी अडकवला आणि जड डबा परत आणला. दार माझ्यापासून एका हातावर होतं, बेल दाराच्या बाजूला. बेल वाजवायला हात उचलावा लागतो, एवढंच काम. ते मी केलं नाही.

कौशल्याबाईंनी झाकण उघडलं. वरणाला फेस आला होता.

“उचललाच न्हाई त्यांनी,” मी म्हणालो.

“रुसले,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठीवरून. आता डबाच घ्याचा नाही म्हणून दाखवून राह्यले. घेऊ नका म्हना. मायाकडं आठ गिऱ्हाइकं हायेत.”

रंगराव झोपेत असतील असं वाटलं होतं. चादरीतून आवाज आला. “जाऊन पाहून ये एकदा.”

“काऊन? माफी मागू?”

“माफी कोन म्हनते? पाहून ये म्हनलं.”

“पाय दुखून राह्यले माये. तिसरा मजला हाय, लिफ्ट बंद हाय.”

रंगरावांनी चादर पुन्हा डोक्यावर ओढली. कौशल्याबाई गेल्या नाहीत. पायाचं कारण खरं नव्हतं. दिवसाला साडेतीन तास त्या पायांवर उभ्या असत, तीन मजल्यांनी त्यांना काय होणार? पण मी कोण बोलणार? मी तर दारापर्यंत जाऊन आलो होतो.

शनिवारी सव्वाबाराला मी पोचलो. शुक्रवारचा डबा जड. या वेळी बेल वाजवली. तीनदा. मग दार ठोठावलं. समोरच्या फ्लॅटला महिनाभर कुलूप होतं. बाहेर ब्रेकरचा आवाज चालूच. आतलं काही ऐकू येईना. मी डबा घेऊन परत आलो. सायकल त्या दिवशी वेगाने चालवली, एवढं आठवतं.

कौशल्याबाई मोरीत भांडी घासत होत्या. मी डबा पुढे ठेवला. त्यांनी उघडला नाही, नुसता उचलून पाहिला. मग उठल्या, साबणाच्या हातानेच फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात जोगळेकरांच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या. मला हे माहीत नव्हतं.

“नमू, ते अन्नाची चिठ्ठी कोन्ती?”

नम्रताने शोधून वाचली. अन्न टाकणे मला मान्य नाही, म्हणून संपवले.

“हा मानूस,” कौशल्याबाई म्हणाल्या, “रुसला तरी खाऊन रुसन. दोन डबे टाकाचा नाही.”

त्यांनी हात पुसले. नम्रताने फोन लावला. पूर्ण वाजला, कोणी उचलला नाही. आम्ही तिघं निघालो. रंगराव उठून बसले होते. “मी येतो,” म्हणाले. “तुमी झोपा, रातपाळी हाय,” असं म्हणून कौशल्याबाई चपला घालून गल्लीत पोचल्या होत्या.

तिसऱ्या मजल्यावर नम्रताने पुन्हा फोन लावला. आत घंटी वाजली. दाराला कान लावायचीही गरज नव्हती, ब्रेकर तेवढ्यापुरता थांबला होता. फोन घरात होता. वाजून वाजून बंद झाला. ती पुन्हा लावायला गेली तर फोन बंद असल्याचं सांगू लागला. चार्ज संपला असणार.

“काका,” कौशल्याबाईंनी दारावर तळहात मारला. “जोगळेकर काका. मी डब्याची कौशल्या.”

काही नाही.

आवाजाने सोसायटीचे चेअरमन वर आले. दत्तप्रसाद मुळे. हातात चष्म्याचं घर, पायात घरातल्या सपाता.

“काय चाललंय? आपण कोण?”

“डबेवाली हाय. काका दोन दिवस जेवले नाहीत. दार उघडून राह्यले नाहीत.”

“जेवले नाहीत हे आपल्याला कसं कळलं?”

“डबे भरून आले.”

“म्हणजे डबा आवडला नाही. यात दाराचा काय दोष?”

नम्रता मध्ये पडली. “सर, फोन आत वाजतोय. ते घरातच आहेत.”

“फोन घरात आहे. ते नाशिकला आहेत. मुलीकडे जायचं म्हणत होते.”

“कधी म्हणत होते?”

“दिवाळीत.”

“मुलीचा नंबर आहे का तुमच्याकडे?”

“रजिस्टरमध्ये आहे. रजिस्टर ऑफिसमध्ये आहे. ऑफिसची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी वारज्याला साखरपुड्याला गेलेत. चारपर्यंत येतील.”

“दार तोडावं लागल,” मी म्हणालो.

मुळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “जरूर. त्यासाठी कमिटीची मीटिंग लागते. मीटिंगला सात दिवसांची नोटीस लागते. तोवर आपण खाली बसा, पंखा आहे.”

 कौशल्याबाईंची अडचण मला कळत होती. बाहेरून आलेलं माणूस, हातावर पोट, दुसऱ्याच्या बंद घराचं दार. आत कोणी नसलं तर चोरीचा आळ यायला वेळ लागत नाही. नऊ डबे एका दिवसात शून्य होतात. त्या दाराकडे बघत होत्या आणि मनगट दाबत होत्या.

नम्रता फोनला रेंज मिळेना म्हणून अर्धा जिना उतरली होती. तिथे सूचनांचा फळा आहे. ती खालूनच बोलली.

“सर, ही नोटीस तुमची का?”

“कोणती?”

“फ्लॅट तीनशे दोन यांस. दुपारी दोन ते चार या वेळेत ठोकाठोकी बंद ठेवावी, खालील सभासदांना त्रास होतो. चेअरमन. परवाची तारीख आहे.”

“हो. दोनशे दोनच्या बाईंनी तक्रार केली. वरती फरशीचं काम चाललंय म्हणाल्या. ठक, ठक, ठक. गुरुवारी सकाळपासून.”

“मग नाशिकला गेलेत तर ठोकत कोण होतं?”

मुळ्यांनी घरातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

“एकोणऐंशी वर्षांचा मानूस,” कौशल्याबाई हळू म्हणाल्या, “एकटा फरशी बसवन का हो?”

“काल संध्याकाळपासून बंद झालं ते,” मुळे म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. “मला वाटलं, नोटीस पाळली.”

 कौशल्याबाईंचा चेहरा मी पाहिला. आठवडाभर त्या कोऱ्या डब्यात बघत होत्या. आपलं ऐकलं म्हणून गप्प आहे असं त्यांनीही समजून घेतलं होतं.

“तोडा दादा,” त्या म्हणाल्या.

“अग्निशमन दलाला फोन करा आधी,” मुळे म्हणाले. नम्रताने केला. गाडी निघते म्हणाले. शनिवारची दुपार, सिंहगड रस्त्याला गडावर जाणाऱ्यांची रांग. किती वेळ लागेल ते कोणी सांगू शकत नव्हतं.

“तोडा,” कौशल्याबाई पुन्हा म्हणाल्या.

“जबाबदारी कोणाची?” मुळे म्हणाले. हा प्रश्न आता सवयीने आला होता, त्यात जोर नव्हता.

“मायी.”

“तसं लिहून...” ते अर्ध्यावर थांबले. पण नम्रताने वहीचं पान फाडलंही होतं. मी सांगितले म्हणून दार तोडले, कौशल्या रंगराव इंगोले. बाईंनी भिंतीला कागद टेकवून सही केली. सही सावकाश होते त्यांची. एकेक अक्षर. ती पूर्ण व्हायच्या आत मी खाली पोचलो होतो.

समोरच्या बांधकामावरून पहार आणली. कशाला म्हणून मुकादमाने विचारलं, मी जिन्याकडे बोट केलं. वर येईपर्यंत धाप लागली. सहासष्ट वय आहे, लागणारच.

दार सागवानी, जुनं, चांगलं. असं दार आता मिळत नाही. नुसती ताकद लावून ते तुटत नाही. लॅचच्या वर एक वीत, चौकट आणि फळीच्या मधल्या फटीत पहारेचं चपटं टोक घातलं. आधी फट वाढवायची, मग उचकटायचं. पहिले दोन घाव फुकट गेले, चौकट नुसती दबली. तिसऱ्याला लाकडाने आवाज दिला. मुळे शेजारी येऊन उभे राहिले आणि काही न विचारता पहारेचं मागचं टोक धरलं. सपाता निसटल्या, ते अनवाणी झाले. दोघांनी मिळून अंग टाकलं. पाचव्याला चौकटीचा तुकडा हातभर फाटून निघाला आणि दार आत गेलं.

कौशल्याबाई आमच्या हातांखालून आत शिरल्या.

जोगळेकर बाथरूमच्या उंबऱ्यावर होते. अर्धे आत, अर्धे बाहेर. डावा पाय भलत्याच दिशेला. हाताजवळ पितळी तांब्या, त्याची कड ठोकून ठोकून चेपलेली. फरशीवर त्याच्या खुणा. नळ त्यांच्या हाताला येत नव्हता. बादलीतलं पाणी संपलं होतं.

डोळे मिटलेले. कौशल्याबाईंनी नाकाखाली बोट धरलं. किती वेळ धरलं ते मी सांगू शकत नाही. नम्रता माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतली होती.

“हाय,” बाई म्हणाल्या. “जीव हाय.”

नम्रता तिथेच खाली बसली आणि एकशे आठला फोन लावला.

मी उचलायला वाकलो. “नका,” कौशल्याबाई म्हणाल्या. “पाय मोडला. हलवू नका.” त्यांनी पदराचं टोक भिजवलं आणि जोगळेकरांच्या ओठांवर टेकवलं. एकदम पाजलं नाही. थेंब, मग थांबायचं, मग थेंब. पाचव्या-सहाव्या थेंबाला जीभ हलली. डोळे उघडले. त्यांनी कौशल्याबाईंना आधी कधी पाहिलं नव्हतं.

“कोण?”

“पोळ्यावाली.”

ते बघत राहिले.  मग म्हणाले, “पिशवीचा आवाज यायचा. रोज. हुकावर.”

त्यांनी मला बोल लावला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. तरी मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो.

रुग्णवाहिका पाऊण तासाने आली, अग्निशमनची गाडी तिच्या पाठोपाठ. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडलं. माणसं चादरीत गुंडाळून न्यायचं बोलू लागली, तेव्हा स्ट्रेचरवरून बारीक आवाज आला. “मी नकाशा नाही. गुंडाळू नका.” मुळ्यांना हसू आलं आणि लगेच त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

कौशल्याबाई रुग्णवाहिकेत बसल्या. पायात चप्पल होती की नव्हती, त्यांनाही माहीत नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. मूत्रपिंडांना ताण पडलेला. तीन दिवस डॉक्टर काही ठाम सांगेनात. मुलगी रात्रीपर्यंत पोचली. भाग्यश्री नाव, बापासारखंच तोडून बोलणारी. कौशल्याबाईंना म्हणाली, “तुम्ही आता घरी जा.” बाई घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी केंद्रातून परस्पर दवाखान्यात गेल्या, भाग्यश्रीचा डबा घेऊन. तिसऱ्या दिवशी भाग्यश्री म्हणाली, “तुम्ही जेवलात का?” चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, धोका टळला, ऑपरेशन करू.

इकडे फ्लॅटचं दार लागत नव्हतं. चौकट फाटलेली, लॅच लोंबकळत. आत जोगळेकरांचं सगळं घर, टेबलावर बायकोचा फोटो, भिंतीवर धरणांचे नकाशे. रंगराव रात्रपाळीहून यायचे ते सरळ तिथे. दारात सतरंजी टाकून दिवसभर झोपायचे. मुळे त्यांना दुपारी चहा पाठवत. फळ्यावरची नोटीस त्यांनी स्वतः काढली. टाचण्या तशाच राहिल्या.

सुतार म्हणून मी साईनाथला आणलं. तो माझ्या शेडमधल्या मित्राचा मुलगा, हात चांगला. त्याने चौकट पाहिली, मान हलवली. निम्मी बदलावी लागेल म्हणाला. पैसे कोण देणार, असं विचारलं. मुळे म्हणाले, सोसायटीत विषय मांडतो. मी म्हणालो, मी देतो, पहार माझ्या हातात होती. भाग्यश्रीला कोणी विचारलं नव्हतं, तिच्या डोक्यात ऑपरेशन होतं.

“तोडा कोन म्हनलं?” कौशल्याबाई म्हणाल्या. “सही कोनाची हाय?”

“आई, ते देतील गं पैसे. त्यांचंच दार आहे.”

“शुक्रवारी मी गेली असती तर तोडाची पाळी आली नसती. बेल वाजवली असती, त्यानं आवाज दिला असता, तेवा त्याच्यात ताकद होती. एक दिवस मी घरी बसली. तो दिवस माया हाय.”

  त्यातला अर्धा दिवस माझा होता. मी साईनाथबरोबर दोन दिवस फुकट राबलो. रंधा मारला, बिजागऱ्या बसवल्या, घासून बघितल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा बसवल्या. दार बोटाने ढकललं तरी आवाज न करता उघडायला हवं होतं.

लॅच दोन्ही बाजूंनी चावीने उघडणारं घेतलं. तीन चाव्या. एक जोगळेकरांची, एक भाग्यश्रीची, तिसरी कौशल्याबाईंच्या मंगळसूत्राच्या काळ्या पोतीत ओवलेली. सागाची चौकट, लॅच, बिजागऱ्या आणि साईनाथची मजुरी, सगळं कौशल्याबाईंनी भरलं, मिळून त्यांच्या केंद्रातल्या पाच हजार दोनशे पोळ्या झाल्या.